गड उतरून खाली आलेली आई

(महालक्ष्मीच्या यात्रेआधी धाकटी डहाणू इथं गटाच्या महिलांपुढं केलेलं बोलणं)

अगं, दारात कशाला, पुढं येऊन बसा. जागा आहे.

चैत्र पौर्णिमा जवळ आली. धाकट्या डहाणूत हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. बोंबील वाळवून झाले, जवळा निवडून झाला, आता कुणाचा टेम्पो, कुणाचं दुकान कुठं, कोण कधी जाणार, हेच बोलणं दारोदारी चाललंय. महालक्ष्मीची यात्रा म्हणजे आपल्यासाठी देवदर्शनही आणि बाजारही. डोंगरपट्टीतली माणसं पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी नेतात. पुढं 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांचा घरखर्च आपण या दिवसांतच बांधून ठेवतो. म्हणून यात्रेचा विषय आपल्या बैठकीत येणारच.

पण आज मी दुकानाबद्दल बोलायच्या आधी देवीबद्दल बोलणार आहे. आपण सगळ्या तिथं जातो, ओटी भरतो, नारळ फोडतो. पण देवी खाली का आली, ही गोष्ट आपल्या मुलींना माहीत आहे का? विचारून बघा. अर्ध्या जणी गप्प बसतील.

देऊळ आहे विवळवेढे गावात, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून, चारोटीहून तलासरीच्या अंगाला. वर दिसतो तो मुसळ्या डोंगर. देवीचं मूळ ठाणं त्या डोंगरावर. कोल्हापूरची महालक्ष्मी फिरत फिरत इकडं आली आणि या डोंगरावर राहिली, असं जुनी माणसं सांगतात. यात्रा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. मध्यरात्री गडाच्या शिखरावर ध्वज लागतो. तो लावण्याचा मान वाघाडी गावच्या सातवी घराण्यातल्या पुजाऱ्याचा, आणि ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून देण्याची रीत. म्हणजे बघा, पुजारी आदिवासी, ध्वज संस्थानचा, आणि दर्शनाला वारली, कोळी, मांगेला, कुणबी, गुजरातेतून आलेली माणसं, सगळे एका रांगेत. आपल्या भागात इतकी माणसं एका जागी आणणारी दुसरी यात्रा मला तरी दिसत नाही.

आता गोष्ट ऐका.

एक आदिवासी बाई होती. कान्हा ठाकरी असं तिचं नाव सांगतात. देवीची मोठी भक्त. गड चढून दर्शनाला जायचा तिचा नेम. पुढं तिला दिवस गेले. पोट वाढलं तरी तिनं नेम सोडला नाही. एकदा अशीच ती चढत होती. ऊन, चढण, आणि पोटात जीव. अर्ध्या वाटेत तिला घेरी आली आणि ती पडली. तेव्हा देवी तिला म्हणाली, तू आता एवढा डोंगर चढू नकोस, मीच तुझ्यासाठी खाली येते. आणि देवी पायथ्याला येऊन राहिली. आज आपण विवळवेढ्याला ज्या देवळात ओटी भरतो, ते देऊळ असं झालं.

याच देवीची दुसरी गोष्टही सांगतात. भीमानं तिला पाहिलं आणि लग्नाची मागणी घातली. देवी म्हणाली, एका रात्रीत सूर्या नदीला बांध घाल, मग बघू. भीमच तो! दगडावर दगड टाकत सुटला. बांध पुरा होत आला, तेव्हा देवीनं कोंबड्यासारखी बांग दिली. भीमाला वाटलं उजाडलं, तो हरला आणि निघून गेला. आज त्याच सूर्या नदीवर धामणीचं मोठं धरण उभं आहे, ते मात्र माणसांनी बांधलेलं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा, बायांनो. भीमाच्या ताकदीपुढं जी देवी हलली नाही, ती एका दोन जीवांच्या बाईसाठी अख्खा डोंगर उतरून आली. पंढरपूरचा विठोबासुद्धा पुंडलिकाच्या दारी आला आणि तो आईबापांची सेवा करतोय म्हणून विटेवर उभा राहिला. आपले देव असेच आहेत. जो अडलेला आहे त्याच्याकडं ते स्वतः चालत येतात.

मग आपण काय करतो?

पहिली गोष्ट यात्रेतलीच. अजूनही काही घरांत म्हणतात, नवस गडावर बोललाय, तो गडावरच फेडायचा. सुनेला सातवा महिना असला तरी तिला उन्हात चढवतात. चैत्रातलं ऊन, गर्दी, पाण्याचा पत्ता नाही. ताईंनो, ज्या देवीनं पोटुशी बाईला सांगितलं की तू वर येऊ नकोस, त्याच देवीच्या नावानं आपण पोटुशी सुनेला वर पाठवायचं? हे देवीला तरी पटेल का? गरोदर बाईचं, ओल्या बाळंतिणीचं, म्हाताऱ्या माणसाचं दर्शन पायथ्याला पूर्ण होतं. देवी तिथं येऊन बसली आहे ती त्यांच्यासाठीच. घरात कुणी हट्ट धरला तर भांडू नका, ही गोष्ट सांगा.

दुसरी गोष्ट, कान्हा ठाकरीला घेरी का आली असेल? गोष्टीत ते येत नाही. पण आपल्या पाड्यांवर आज एखाद्या गरोदर बाईला घेरी आली, तर दहातल्या बऱ्याच वेळा कारण रक्त कमी हेच निघतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं तर रक्त कमी आहे असं समजायचं, आणि 7 च्या खाली गेलं तर जिवाला धोका. अशी बाई बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी सावरत नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात डोंगरातल्या पाड्यांवरून आजही गरोदर बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिच्यासाठी डोंगर अजून उतरून आलेला नाही.

म्हणून प्रत्येक गटानं आपल्या आळीतल्या, पाड्यातल्या गरोदर बायांची नावं वहीत लिहायची. तिसरा महिना संपायच्या आत आशाताईकडं किंवा नर्सताईकडं नाव नोंदवलं का? बाळंतपणाआधी निदान चार तपासण्या झाल्या का? लोहाच्या गोळ्या घरी आल्यात, पण ती खातेय का? गोळीनं मळमळतं म्हणून बऱ्याच जणी त्या फळीवर ठेवून देतात. तिला सांगा, जेवल्यावर घे, चहाबरोबर घेऊ नको, लिंबू पिळून पाणी पी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी तिच्याबरोबर एकीनं जायचं. एकटीला पाठवलं तर ती जात नाही, हे आपल्याला माहीत आहे.

पैशाचंही लक्षात ठेवा. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेत 5000 रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6000. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर झालं तरी, औषधं आणि जेवणासकट मोफत. आदिवासी पाड्यांवरच्या अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून रोज एक वेळचं ताजं जेवण मिळायला हवं. मिळत नसेल तर गटानं मिळून विचारायला जायचं.

आणि वेळ आली तर थांबायचं नाही. अंगावरून रक्त जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, तोंडाला-हाताला सूज, झटके, ताप, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन. डहाणूत उपजिल्हा रुग्णालय आहे, देवीच्या देवळापासून जवळ कासा इथंही आहे. देवीला नारळ बोला, पण गाडीत बसल्यावर बोला.

तिसरी गोष्ट आपल्या गटांची. ही थोडी टोचेल. बैठकीला आली नाही की दंड, हा नियम आपण केला. नियम बरा आहे, त्यानं शिस्त लागते. पण नववा महिना लागलेल्या बाईला दंड? बाळंत होऊन पंधरा दिवस झालेलीला दंड? तीन बैठका चुकल्या म्हणून नाव कमी? जिला कर्जाची आणि आधाराची गरज सगळ्यात जास्त, तीच आपल्या वहीतून गळते. देवीनं नेम मोडला म्हणून कान्हा ठाकरीला दंड केला नाही. तिनं स्वतःची जागा बदलली. आपणही तेच करू. सातव्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत दंड नाही. दोघींनी तिच्या घरी जायचं, बचत घ्यायची, पासबुकात तिच्यासमोर लिहायचं आणि बैठकीत काय ठरलं ते सांगून यायचं. तिचं मत असेल तर ते बैठकीत मांडायचं.

आणि आता दुकान. यावर्षी यात्रेत गटाचं दुकान लागेल तेव्हा जी येऊ शकत नाही तिचे बोंबील, तिचा जवळा, तिचे सोडेही आपल्याच दुकानात ठेवायचे. वजन तिच्या घरी, तिच्या डोळ्यांदेखत करायचं. पिशवीवर तिचं नाव घालायचं. भाड्याचा आणि गाडीचा वाटा सगळ्यांइतकाच कापायचा, आणि संध्याकाळी हिशेब तिच्या हातात. तिनं वाळवण घातलं तेव्हा ती आपल्यासारखीच उन्हात बसली होती. बाजाराच्या दिवशी तिला चालता येत नाही, म्हणून तिचा माल घरात कुबट होऊ द्यायचा नाही.

तर आज तीन ठराव मी तुमच्यापुढं ठेवते. गरोदर बाईला गडावर चढवायचं नाही. तिच्या तपासणीला गटातली एक जण बरोबर जाईल. बाळंतपणाच्या काळात तिला दंड नाही आणि तिचा माल गटाच्या दुकानात. पटत असेल तर हात वर करा, पटत नसेल तर उठून बोला. वहीत दोन्ही लिहू.

यात्रेला जाल तेव्हा पायथ्याच्या देवळात हात जोडून क्षणभर त्या बाईची आठवण काढा. तिच्यामुळं देवी आपल्या जवळ आली.

बोला, महालक्ष्मी माते की जय!