वय, वर्षावास आणि पवारणा

(विहाराच्या वर्धापनदिनी अकोट येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला 'जीवनाचे ऋतू' हा विषय दिला. सत्तरीच्या माणसाला हाच विषय देतात. केस पिकले की शहाणपणही पिकते, असा लोकांचा समज. आमचाही तोच होता. पण एका वर्षावासात याच विहारात आमची फजिती झाली, तीच आज सांगतो.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. त्या दिवशी पाळी आमची होती. चष्मा घरी राहिला. मग ग्रंथ मिटला आणि तोंडपाठ गोष्ट सांगू लागलो. सिद्धार्थ रथातून निघाला, त्याला म्हातारा दिसला, रोगी दिसला, प्रेत दिसले, संन्यासी दिसला, आणि त्याने घर सोडले. तेवढ्यात अकरावीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "आबाजी, बाबासाहेबायनं तं हे गोष्ट मानलीच नाही. पुस्तकात सुरवातीलेच हाय."

आम्ही खेकसलो, "बस खाली! कालची पोट्टी, अन् मले शिकवते?"

पोर बसली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

रात्री चष्मा लावून प्रस्तावना काढली. पोरीचे खरे होते. गृहत्याग केला तेव्हा सिद्धार्थ २९ वर्षांचा होता. तोवर त्याने म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असा बाबासाहेबांचा आक्षेप आहे. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलीय यांचे पाण्यावरून भांडण पेटले. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत त्याच्या विरुद्ध गेले, आणि त्याने परिव्रज्या पत्करली. आपण खारपाणपट्ट्याच्या शेजारची माणसे, पाण्याचे मोल आपल्याला निराळे सांगावे लागत नाही.

बंधूंनो, म्हातारपण दिसले म्हणून ज्ञान होत नाही. ते सगळ्यांनाच दिसते. दिसल्यावर आपण वागतो कसे, यात शहाणपण आहे.

वर्षावासाचा नियम तरी कसा आला? पावसाळ्यात भिक्खू फिरतात, त्यांच्या पायाखाली हिरवे कोंब आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी लोकांचे ऐकले आणि भिक्खूंना तीन महिने एका जागी राहायला सांगितले. ऋतू ओळखायचा आणि आपला पाय आवरायचा, एवढी साधी ही शिकवण आहे.

कास्तकाराला हे कळते. मिरगात सरकी लावायची, मग निंदण, डवरण, आणि दिवाळीच्या सुमारास वेचा. पण हंगाम सरल्यावरही आपण पराटी उपटत नाही. पाणी देऊन आणखी एक-दोन वेचे काढतो. त्याला आपण फरदड म्हणतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीची काय दशा केली, ते तुम्ही पाहिले. उभ्या फरदडीवर अळीला खायला मिळते, तिचे चक्र तुटत नाही, आणि पुढल्या सालचे पीक जाते. म्हणून कृषी खाते सांगते, फरदड घेऊ नका.

आम्ही म्हातारे माणसांत फरदड घेतो. समितीतली खुर्ची सोडत नाही, माईक सोडत नाही, आणि मग विचारतो, तरुण पोरं विहारात का येत नाहीत?

उपटलेली पराटी काही वाया जात नाही. आमच्या मायनं तिच्याच जाळावर भाकरी भाजून आम्हाला मोठं केलं. वयाने काम संपत नाही, कामाची जागा बदलते. तथागत ८० व्या वर्षी, देह जुन्या गाडीसारखा झाला असताना, गावोगाव चालत होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब ६५ वर्षांचे होते, प्रकृती ढासळलेली होती. तरी स्वतः दीक्षा घेऊन त्यांनी लाखोंना दिली. ६ डिसेंबरला ते गेले. त्यांचा हा ग्रंथ १९५७ साली निघाला. छापलेले पुस्तक त्यांनी हाती घेतले नाही, ते आपल्या हाती ठेवले.

वर्षावास संपतो तो पवारणेने. माझे काही चुकले असे तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तुम्हाला वाटले, तर सांगा, असे भिक्खू संघाला विनवतो. आणि यात थोर भिक्खू आधी विचारतो, लहान मागून. श्रावस्तीला खुद्द तथागतांनी भिक्खूंना विचारले होते, माझ्या वागण्या-बोलण्यात काही दोष दिसतो काय? मग आम्ही कोण लागून गेलो?

आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, अभ्यास आहे. आम्ही समजलो. आश्विन पौर्णिमेला मायलेकी दोघी विहारात आल्या. सगळ्यांसमोर उभे राहून आम्ही त्या मुलीची माफी मागितली आणि विचारले, "आमचं आणखी काय चुकते?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबाजी, चष्मा आणत जा."

सारा विहार हसला. आम्हीही हसलो. त्या रात्री ग्रंथ तिने वाचला.

तेव्हा विनंती एकच. दर आश्विन पौर्णिमेला या विहारात वडीलधाऱ्यांनी आधी उठावे आणि पोरासोरांना, लेकी-सुनांना आपली चूक विचारावी. उत्तर आले तर खेकसू नये.

आज आम्ही चष्मा आणला आहे. आमचे बोलणे संपले, आता लेकरांनी बोलावे.

नमो बुद्धाय, जय भीम!