टाक्यांच्या आत

पोटाचं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या बाया माझ्याकडे येतात. वरचा व्रण पुसट झालेला असतो, पण मधूनच पोटात पिळवटून येतं, पोट फुगतं आणि काही तासांनी आपोआप उतरतं. ‘‘आतडी चिकटलीत म्हणाले, डॉक्टर,’’ असं सांगत त्या पिशवीतून डबे काढतात: एन्झाइमच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क, व्हिटॅमिन ई. महिन्याचा खर्च सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. तो खाली गेलेला आवाज ऐकला, म्हणून आज बोलायला बसलो आहे.

आतड्यांवर एक पातळ, ओलसर, बुळबुळीत अस्तर असतं. त्यामुळे ती एकमेकांवरून सहज सरकतात. ऑपरेशनमध्ये हात लागतो, कापड घासतं, रक्त साचतं, आणि हे अस्तर खरचटतं. त्या जागी काही तासांतच फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ जमतो. तो विरघळवण्याची सोय शरीरातच असते. ती नीट चालली तर तीन ते पाच दिवसांत फायब्रिन निघून जातं आणि आठवडाभरात अस्तर पुन्हा धरतं. नाही चालली, तर त्या धाग्यांत पेशी शिरतात, कोलॅजन विणलं जातं, बारीक रक्तवाहिन्याही येतात. मग उरतो तो जिवंत पट्टा. डॉक्टर त्याला अ‍ॅडहेशन म्हणतात. उघड्या पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर बहुतेकांच्या पोटात असे पट्टे होतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना ते जन्मभर कळतही नाहीत.

म्हणजे बरंचसं ऑपरेशनच्या टेबलावर आणि पहिल्या आठवड्यात ठरतं. दुर्बिणीतून ऑपरेशन शक्य असेल तर पट्टे कमी होतात. हातमोज्यांतली पावडरही पट्ट्यांना निमित्त होते. अमेरिकेनं २०१७ साली पावडरच्या हातमोज्यांवर बंदी घातली, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. ऑपरेशनआधी सर्जनला या दोन्ही गोष्टी विचारायला संकोच करू नका.

आता ते डबे. आपल्याकडे सूज उतरायला सेराशिओपेप्टिडेजची गोळी सर्रास दिली जाते. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूपासून हे एन्झाइम मिळालं. जपानमध्ये ही गोळी विकणाऱ्या कंपनीनंच नव्या चाचण्यांनंतर २०११ साली ती बाजारातून परत घेतली, कारण औषध नसलेल्या गोळीपेक्षा तिचा जास्त उपयोग दिसला नाही. त्या चाचण्या सूज आणि कफाच्या होत्या. पोटातला जुना पट्टा कुठल्याही कॅप्सूलनं विरघळतो, असा माणसांवरचा भरवशाचा पुरावा नाही. उलट नॅटोकायनेज, ब्रोमेलेन ही एन्झाइमं आणि लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिक. ऑपरेशन ठरलं की घेत असलेलं सगळं, ‘ते काय, आयुर्वेदिकच आहे’ म्हणून न वगळता, डॉक्टरांना सांगा.

डब्यांचे ते पैसे अंडी, दूध, डाळ, मटकी, पनीर यांवर खर्च करा. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आपल्याकडे ऑपरेशननंतर पेशंटला आठवडेच्या आठवडे नुसत्या पेजेवर ठेवतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवा. चालल्यानं पट्टे टळतात असं मी म्हणणार नाही, पण आतडी लवकर जागी होतात, पायात गुठळी होण्याचा धोका कमी होतो. तंबाखू, विडी बंद. पाण्याची कळशी किंवा जड पोतं सर्जन सांगतील तोवर उचलायचं नाही. पोटात मधून मधून अडकल्यासारखं होत असेल तर मक्याचे दाणे, संत्र्याचे पांढरे धागे, ऊस यांपासून जपा, आणि घास बारीक चावा.

एक मात्र लक्षात ठेवा. लाटांसारखी कळ, हिरवी-पिवळी उलटी, फुगलेलं पोट, आणि शौच नाही, वाराही सरत नाही, असं झालं तर आतडं अडलेलं असू शकतं. जुलाबाची गोळी देऊ नका, शेक देत रात्र काढू नका. खायला काही न देता, रात्री दोन वाजले असले तरी, सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. निघताना जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या. पोट पुन्हा उघडावं लागलं तर कुठे जपून हात घालायचा, हे सर्जनला त्या कागदावरून कळायला मदत होते.