कोष्टक: डोळ्यांचें आणि कानांचें

श्रोतेहो, शाळेच्या भिंतीवर वेळापत्रक लावलेलें असतें. वरच्या ओळींत तासांचे क्रमांक आणि डाव्या बाजूस वारांचीं नांवें. गुरुवारीं तिसऱ्या तासाला कोणता विषय आहे, हें पाहावयाचें झालें म्हणजे मुलाचें एक बोट वरून खालीं उतरतें, दुसरें डावीकडून उजवीकडे सरकतें, आणि दोन्ही बोटें जेथें भेटतात त्या घरांत उत्तर सांपडतें. कोष्टकाचें सारें मर्म या दोन बोटांच्या भेटींत आहे. जेथें अशी भेट होत नाहीं तेथें कोष्टक नसतें. तेथें असतात त्या केवळ आंखलेल्या रेघा.

हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु संगणकाच्या जाळ्यावर पानें रचणाऱ्या नवशिक्यानें तो ध्यानांत न घेतल्यास एखाद्या घरचें मूल लसीवांचून राहूं शकतें. तें कसें, हें क्रमाक्रमानें पाहावयाचें आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत, घाटाच्या पायथ्याशीं रोहिणखेड नांवाचें गांव आहे. 1437 सालीं बहमनी सुलतानाचा सेनापति खलफ हसन यानें खानदेशच्या नासीरखानाचा येथें पराभव केला. येथील मशीद 1582 सालची असून ती खुदावंतखान महदवी यानें बांधिली. अशा गांवांतील एखाद्या विद्यार्थ्यास आपल्या गांवाचें वेबपान करावेंसें वाटलें, अशी कल्पना करावी. वर गांवाचें नांव, डावीकडे ‘इतिहास’, ‘शेती’, ‘शाळा’ अशी अनुक्रमणिका, मध्यें मजकूर आणि उजवीकडे सूचना, असें चित्र त्याच्या मनांत उभें राहील. आतां हें चित्र पडद्यावर आणावयाचें कसें?

वेबपानाची भाषा, जिला एचटीएमएल म्हणतात, ती खुणांची भाषा आहे. कोष्टक आरंभिण्यासाठीं ‘टेबल’ ही खूण, प्रत्येक आडव्या ओळीसाठीं ‘टीआर’, ओळींतील प्रत्येक घरासाठीं ‘टीडी’ आणि मथळ्याच्या घरासाठीं ‘टीएच’. दोन घरें आडवीं जोडावयाचीं असल्यास ‘कोलस्पॅन’ आणि उभीं जोडावयाचीं असल्यास ‘रोस्पॅन’. एवढें भांडवल हातीं आलें कीं नवशिक्याला वाटतें, आपलें काम झालें! पहिल्या ओळींत तीन घरें जोडून गांवाचें नांव लिहावें, दुसऱ्या ओळीच्या तीन घरांत अनुक्रमणिका, मजकूर व सूचना बसवाव्या, आणि कोष्टकाच्या कडांची जाडी शून्य करावी. रेघा अदृश्य होतात आणि वर्तमानपत्रासारखे सुबक स्तंभ दिसूं लागतात.

या युक्तीबद्दल नवशिक्यास हंसण्याचें कारण नाहीं, कारण एके काळीं मोठमोठे जाणतेही हेंच करीत. जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं 1989 ते 1991 या काळांत जाळ्याची ही योजना उभारली, ती शास्त्रज्ञांना आपले लेख परस्परांस दाखवितां यावे म्हणून. त्या पानांत मथळे होते, परिच्छेद होते. शोभेची सोय नव्हती. 1995 सालीं नेटस्केप या ब्राउझरांत कोष्टकें दिसूं लागलीं, आणि रचनाकारांना एकदम स्तंभ पाडण्याचें साधन मिळालें. 1996 सालीं डेव्हिड सीगल यांच्या पुस्तकानें या कलेचा मोठा प्रसार केला. छापखान्यांतील जुळारी जसे न उमटणारे कोरे तुकडे घालून अक्षरांमधली जागा राखीत, तसे हे रचनाकार एका ठिपक्याएवढें पारदर्शक चित्र ताणून घरांमधली जागा राखूं लागले. दुसरें चांगलें साधनच हातीं नव्हतें. तेव्हां हा दोष माणसांचा नव्हे, काळाचा होता.

परंतु दोष होताच. तो डोळ्यांस दिसत नव्हता. कानांस ऐकूं येत होता.

ज्यांस दृष्टि नाहीं अशीं माणसें संगणक व मोबाइल वापरतात तीं पडदावाचकाच्या साहाय्यानें. हा कार्यक्रम पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितो, आणि कोष्टक आलें म्हणजे एक ओळ संपवून मग दुसरीकडे वळतो. आतां रोहिणखेडच्या त्या कल्पित पानावर दोन सूचना शेजारीं शेजारीं बसविल्या आहेत, असें समजूं या. वरच्या ओळीच्या पहिल्या घरांत ‘पाणीपुरवठा’ आणि दुसऱ्या घरांत ‘बालकांचें लसीकरण’ असे मथळे. खालच्या ओळीच्या पहिल्या घरांत ‘मंगळवारीं बंद राहील’ आणि दुसऱ्या घरांत ‘बुधवारीं सकाळीं दहा वाजतां शाळेंत’ असा मजकूर. डोळसाला कांहींच अडचण नाहीं. आतां हेंच कानांनीं ऐका: “पाणीपुरवठा. बालकांचें लसीकरण. मंगळवारीं बंद राहील. बुधवारीं सकाळीं दहा वाजतां शाळेंत.”

श्रोतेहो, बंद काय राहणार? लसीकरण! आणि बुधवारीं शाळेंत काय आहे, याचा तर पत्ताच नाहीं. एखादी दृष्टिहीन माता हें ऐकून बुधवारीं घरींच बसली, तर चूक तिची म्हणावयाची कीं रचणाऱ्याची? शब्द सारे खरे आहेत, शुद्धलेखनही निर्दोष आहे. केवळ रचनेनें खऱ्याचें खोटें केलें.

तेव्हां उपाय काय? मजकूर एका जागीं आणि वेष दुसऱ्या जागीं, हाच तो उपाय. पान लिहितांना प्रथम प्रत्येक सूचनेचा मथळा आणि त्याखालींच तिचा मजकूर, असें वाचावयाच्या क्रमानें लिहावें. स्तंभ किती, रुंदी केवढी, रंग कोणता, हें सारें सीएसएस नांवाच्या वेगळ्या शैलीपत्रांत सांगावें. या शैलीपत्राचा पहिला अधिकृत मसुदा डिसेंबर 1996 मध्यें मान्य झाला, आणि बरोबर एका वर्षानें, डिसेंबर 1997 मध्यें, एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीनें केवळ मांडणीसाठीं कोष्टकें वापरूं नयेत, असें स्पष्ट सुचविलें. ब्राउझरांनीं मात्र हें शास्त्र सावकाश आत्मसात केलें. पानाच्या जाळीदार मांडणीसाठीं मुद्दाम घडविलेली ‘ग्रिड’ ही सोय प्रमुख ब्राउझरांत पोंचली ती 2017 सालीं. आज तिच्यायोगें चार ओळींत जें साधतें, त्यासाठीं पूर्वीं कोष्टकाच्या पोटांत कोष्टक आणि त्याच्याही पोटांत कोष्टक घालावें लागे.

यांत आणखी एक लाभ आहे. कोष्टकाचे तीन स्तंभ मोबाइलच्या अरुंद पडद्यावर दाटीवाटीनें चेपतात, किंवा वाचणाऱ्यास पान डावीउजवीकडे ओढीत बसावें लागतें. शैलीपत्रास मात्र असें सांगतां येतें कीं, पडदा रुंद असेल तर तीन स्तंभ पाड, अरुंद असेल तर एकाखालीं एक ठेव. मजकुराच्या एकाही अक्षरास हात लावावा लागत नाहीं.

मग कोष्टक टाकूनच द्यावयाचें काय? मुळींच नाहीं. आपल्याकडील सातबाराचा उतारा पाहा. गांव नमुना सात हा जमिनीच्या हक्कांचा आणि नमुना बारा हा पिकांचा. त्या उताऱ्यांतील आंकडा हंगाम, पीक आणि क्षेत्र यांच्या मथळ्यांशीं जुळविल्यावांचून निरर्थक आहे. येथें दोन बोटांची भेट होते. म्हणून येथें कोष्टक हवेंच. फक्त तें नीट करावें. मथळ्यांच्या घरांस ‘टीडी’ न देतां ‘टीएच’ द्यावें, ‘स्कोप’ या खुणेनें तो मथळा ओळीचा कीं स्तंभाचा हें सांगावें, आणि ‘कॅप्शन’ या खुणेनें कोष्टकास नांव द्यावें. एवढें केलें कीं पडदावाचक नुसता आंकडा न वाचतां त्याचा मथळाही सांगूं शकतो. विजेच्या पत्रांत, म्हणजे ईमेलांत, मात्र मांडणीसाठीं अजूनही कोष्टक वापरावें लागतें, कारण तीं उघडणारे कांहीं कार्यक्रम नव्या शैलीपत्रास पुरते जुमानीत नाहींत. तेथें ‘रोल’ या खुणेंत ‘प्रेझेंटेशन’ असें लिहावें, म्हणजे हें कोष्टक केवळ शोभेचें आहे हें पडदावाचकास कळतें.

ही केवळ सौजन्याची गोष्ट राहिलेली नाहीं. सरकारी संकेतस्थळांसाठीं भारत सरकारनें 2009 सालीं मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानें माहिती सर्वांच्या आंवाक्यांत असण्याचा हक्क मान्य केला.

नवशिक्यानें एकच परीक्षा ध्यानांत ठेवावी. आपलें पान पुरें झालें म्हणजे पडद्याकडे पाठ करून बसावें आणि घरांतील कोणाला तरी तें वरपासून खालपर्यंत, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत मोठ्यानें वाचावयास सांगावें. ऐकून अर्थ लागला तर रचना साधली. न लागला तर ती मोडून पुन्हा करावी. हें भाषण ऐकणाऱ्या प्रत्येकास या परीक्षेचा अनुभव या क्षणींच येत आहे, कारण रेडिओपुढें बसलेला श्रोता हा तेवढ्या वेळापुरता दृष्टिहीनच असतो. त्याच्यापाशीं कानांवांचून दुसरें साधन नाहीं. त्याला जें समजलें, तें सर्वांना समजेल.