दुखणं मुक्कामाला का येतं?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानावरून)



२५ वर्षांपूर्वी आपण पिरंगुटला राहायला आलो तेव्हा गच्चीवरून भातखाचरं दिसायची. लावणीच्या दिवसांत बायका दिवसभर वाकून रोपं लावायच्या. आज आपली मुलं नांदे-माणमार्गे हिंजवडीला जातात आणि दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसतात. कंबर दोघांचीही दुखते. पण एकाचं दुखणं आठवड्यात जातं, दुसऱ्याचं मुक्काम ठोकतं. असं का?

तीन महिन्यांहून जास्त टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी वेदना म्हणजे जुनाट वेदना. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा आहे. तेव्हा कुणाला 'नाटकं करतो' म्हणू नका.

वाढतं वय, जड ओझी, पूर्वी तिथेच दुखून गेलेलं असणं, ही कारणं आपल्याला ठाऊक असतात. स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त दिसतं. पण अपुरी झोप, सततची काळजी, उदासपणा, धूम्रपान, वाढलेलं वजन आणि बैठं काम यांचाही वाटा मोठा आहे. मज्जासंस्था सारखी सावध राहिली, की दुखापत भरून आल्यावरही ती धोक्याची घंटा वाजवतच राहते.

आणखी एक कारण म्हणजे भीती. ते मी घरातच पाहिलं. मी फिजिओथेरपिस्ट. पेशंटला 'चाला' म्हणणारी. पण ह्यांच्या कंबरेत उसण भरली, तेव्हा मीच म्हटलं, "अजिबात हलायचं नाही!" पाण्याचा तांब्यासुद्धा हातात दिला. उसण गेली, भीती मात्र बसली. वाकलो तर मणका सरकेल, या धास्तीनं दोन वर्षं त्यांनी लेकीला उचलून घेतलं नाही. ती तेव्हा तीन वर्षांची होती. पुढे रोज थोडं थोडं चालून कंबर सुधारली. पण तोवर लेक कडेवर बसायच्या वयाची राहिली नव्हती.

एक लक्षात ठेवा. पायातली शक्ती गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, दुखण्यासोबत ताप आला किंवा वजन घटू लागलं, तर थेट डॉक्टरांकडे जा. एरवी घरच्या माणसाला अंथरुणात जखडू नका. काळजी करा, पण हात धरून चालवा.

रविवारी सकाळी सहाला मी गेटपाशी उभी असेन. ज्यांची कंबर दुखते त्यांनी जरूर यावं. हेही येणार आहेत!