तीन कागद, एक हात



बाजारात वांगी घेताना आपण एकाच पाटीपाशी थांबत नाही. दोन ठिकाणी विचारतो. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून तो बेताने भाव सांगतो. ही झाली स्पर्धा. पण सगळ्यांनी सकाळीच आपसात भाव ठरवला तर? मग दहा पाट्या फिरा, पाय दुखतील, भाव तोच. याला संगनमत म्हणतात.

आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. शाळेला बाके घ्यायची होती. तीन दुकानांची दरपत्रके मागवावी, कमी दराचे घ्यावे, असा नियम. तीन पाकिटे आली. उघडून पाहतो तो तिन्ही कागदांवर अक्षर एकाच हाताचे! मुलांच्या वह्या तपासण्यात आमचा जन्म गेला, आम्हांला कळणार नाही? दुकानदाराला विचारले. तो हसून म्हणाला, "गुरुजी, आमचं तिघांचं ठरलेलंच असतं. यंदा माझी पाळी." जून तोंडावर आलेला, मुले जमिनीवर बसत होती. आम्ही सही केली. पैसा गावाचा होता. ती सही अजून टोचते.

मोठे कारखानदार असे करू लागले तर? आपल्याकडे १९६९ साली मक्तेदारीविरुद्ध कायदा झाला. धंदा फार मोठा होऊ नये, यावर त्याचा रोख होता. २००२ च्या स्पर्धा कायद्याने तो रोख बदलला. मोठे असणे हा दोष नाही. मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याला उभे राहू न देणे आणि संगनमत करणे, याला मनाई. त्यासाठी दिल्लीस स्पर्धा आयोग आहे. २०१२ साली आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड केला. ताकद असून सिमेंट मुद्दाम कमी काढले आणि भाव चढवला, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. हुकूम रद्द झाला, २०१६ साली पुन्हा दंड झाला, २०१८ साली अपिलात तो कायम राहिला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. घर बांधणाऱ्याचे पैसे तेव्हाच गेले होते म्हणा!

या कायद्यातली एक युक्ती आम्हांला फार पसंत आहे. कटातला जो पहिला येऊन पुराव्यासह सारे सांगेल, त्याचा दंड पूर्ण माफही होऊ शकतो. मग ज्याला त्याला शेजाऱ्याचीच धास्ती.

ग्रामपंचायतीतही दरपत्रके येतात. आता तुम्हांला वाचता येते. तिन्ही कागद पाहायला मागा, आणि आकड्यांच्या आधी अक्षर पाहा.