तळावरचा कचरा तळावरच

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास असे विषय असतात. यंदा कचऱ्यावर बोलणार म्हटल्यावर काही चेहऱ्यांवर हसू आले, तेही आम्ही पाहिले. आम्ही म्हणजे हुबळी-धारवाडच्या घरांतून आखातात नोकरीला गेलेले आणि निवृत्त होऊन परतलेले चौघे जण. बोलतो आहे एक, पण बोलणे चौघांचे आहे.

आमच्या नोकरीची बरीच वर्षे ओमानच्या आतल्या वाळवंटात, कामगारांच्या तळांवर गेली. तळ म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, एक मेस, एक दवाखाना, पाण्याच्या टाक्या आणि भोवती कुंपण. चारशे माणसे. जवळचे गाव दीडशे किलोमीटरवर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. पाणी टँकरने येई, भाजी ट्रकने येई. येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा हिशेब होता. पण चारशे माणसांचा कचरा रोज निघतो, तो न्यायला घंटागाडी येणार नव्हती.

नवा माणूस आला की त्याला वाटे, एवढी वाळू पसरली आहे, खड्डा करा आणि पुरा. आम्हालाही तसेच वाटले होते. पण कोरड्या वाळूत काही कुजत नाही. कुजायला ओल लागते. पुरलेली चपाती काही महिन्यांनी उकरली तर पापडासारखी कडक होऊन निघते. प्लास्टिकची पिशवी तर पुरलेली राहतच नाही. वारा वाळू उडवतो, पिशवी वर येते आणि कुंपणाच्या तारेला जाऊन फडफडत बसते.

या पिशव्या पुढे कुठे जातात, तेही सांगतो. दुबईच्या केंद्रीय पशुवैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांना २००८ पासून तीनशेहून अधिक मेलेल्या उंटांच्या पोटात प्लास्टिकचे घट्ट गोळे सापडले. एकेका गोळ्याचे वजन ६४ किलोपर्यंत. पोट भरल्यासारखे वाटते म्हणून उंट खाणे सोडतो आणि उपाशी मरतो. हे ऐकून आपल्या बाजारात उकिरड्यावर तोंड घालणारी गाय कोणाला आठवली असेल, तर आमचे निम्मे काम झाले.

मग तळावर काय करायचे? पहिली गोष्ट, कचरा कमी करायचा. मेसच्या दारात एक फळा होता. काल ताटात किती किलो अन्न टाकले गेले, तो आकडा रोज सकाळी त्यावर लिहिला जाई. कोणाला कोणी बोलत नसे. पण आकडा वाचून माणसे भात बेताने वाढून घेऊ लागली. पाण्याच्या छोट्या बाटल्या बंद करून मोठे परतीचे कॅन आणले, तेव्हा एका आठवड्यात कचऱ्याचा ढीग डोळ्यांना दिसेल इतका उतरला.

दुसरी गोष्ट, कचरा निघतो तिथेच वेगळा करायचा. झाकणाचे डबे. झाकण सक्तीचे, कारण रात्री कोल्हे येत आणि दिवसा वारा. स्वयंपाकघरातला ओला कचरा सावलीतल्या खड्ड्यात जाई. त्यात खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे मिसळायचे, पाणी शिंपडायचे, वर झाकायचे आणि आठवड्याला हलवायचे. मोरीचे पाणी आधी तेल अडवणाऱ्या टाकीतून जाई, मग शुद्धीकरणाच्या यंत्रात आणि शेवटी झाडांच्या मुळाशी. तळावरची कडुनिंबाची रांग त्या पाण्यावर आणि त्या खतावर उभी राहिली.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वात शहाणपणाची वाटली. पुठ्ठे, डबे, पत्रा यांचे गठ्ठे बांधायचे आणि सामान उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये भरायचे. जुन्या बॅटऱ्या, वापरलेले तेल आणि दवाखान्यातल्या सुया यांची वेगळी पिंपे असत, वेगळी नोंद असे. ज्या वाटेने वस्तू आली, त्याच वाटेने तिचे उरलेले परत जाई.

एवढी शिस्त आम्ही अंगी बाणवली आणि निवृत्त होऊन गावी आलो. आता खरे बोलायला हवे. आल्यावर महिन्याभरात आम्ही सगळे विसरलो. सकाळी गाडी चुकली की पिशवीला गाठ मारायची आणि कोपऱ्यावर ठेवून यायची. ओले, सुके, औषधे, सगळे एकाच पिशवीत. एके दिवशी आमच्या गल्लीत काम करणाऱ्या पौरकार्मिक बाईंच्या तळहातात इन्शुलिनची सुई घुसली. ती पिशवी आम्हा चौघांपैकी एकाच्या घरची होती. त्या बाईंना दवाखान्यात नेले, तपासण्या झाल्या, पुढचे काही आठवडे त्यांनी आणि आम्ही कसे काढले ते सांगत नाही. सुदैवाने काही निघाले नाही. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, "निमगे गोत्तिरलिल्लेन्री?" तुम्हाला माहीत नव्हते का हो? माहीत होते. तळावर सुईसाठी वेगळे पिंप ठेवणारे आम्हीच होतो.

तेव्हा उमगले की फरक माणसांत नव्हता. तळावर 'बाहेर' नावाची जागा नव्हती. टाकलेले सगळे डोळ्यांसमोर राहत होते. शहरात आल्यावर कोपऱ्यापलीकडे 'बाहेर' सुरू होते, असे आपण धरून चालतो. पण ते 'बाहेर' म्हणजे हुबळीला कारवार रस्त्यावर आणि धारवाडला होसयल्लापूरला साचत गेलेला डोंगर. त्याच्याशेजारी माणसे राहतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जोडशहराची लोकसंख्या नऊ लाख त्रेचाळीस हजारांवर होती. एवढ्यांच्या घरची पिशवी कोणाच्या तरी दारातच जाऊन पडणार.

हे ज्ञान आम्ही आखातातून आणले असे मात्र समजू नका. ते आपल्या अगदी जवळ घडलेले आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी टिळकवाडीच्या माळावर तंबूंचे एक गावच उभे केले. पाण्यासाठी विहीर खोदली, ती काँग्रेस विहीर आजही तिथे आहे. स्वयंसेवक होते हिंदुस्थानी सेवादलाचे. सेवादलाचे संस्थापक डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर, धारवाडात जन्मलेले, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकून आलेले, आणि दलाचे ठाणे आपल्या हुबळीत. हजारो माणसे जमणार म्हणजे शौचकूपांची आणि घाणीची व्यवस्था आलीच. ते खाते बेळगावकडचेच काका कालेलकर यांनी सांभाळले. सफाई पथकातले बरेच तरुण ब्राह्मण घरांतले होते. त्या काळी या कामाला हात लावला म्हणून घरात काय ऐकावे लागले असेल, ते आपल्या आजोबांच्या पिढीला विचारायला हवे होते. गांधीजींनी या पथकाचे आवर्जून कौतुक केले. माळावरची ती घाण दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर द्यायची नाही, हा त्या कामाचा अर्थ होता.

आपला मांडवही एक तळच आहे. दहा दिवस माणसे येतात, जेवतात, फुले वाहतात, निघून जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर लिहिलेच होते, की परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम करणाऱ्याने तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा जागीच वेगळा करावा. कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्या, ताटल्या आणि पेले यांच्यावर २०१६ पासून बंदी आहे. तरीही महाप्रसादानंतर आपल्या आवारामागे काय पडलेले असते, ते कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

म्हणून चार गोष्टी मागतो. महाप्रसादाला केळीची पाने किंवा मंडळाची स्टीलची ताटे, आणि पाण्याला स्टीलचेच पेले. निर्माल्य वेगळ्या टोपलीत, हारातला दोरा आणि जरीची पट्टी काढून. आवाराच्या मागे विटांची, हवा जाईल अशी खताची टाकी. एक घमेले ओला कचरा, त्यावर दोन घमेली वाळका पालापाचोळा. भाद्रपदात पाला ओला असतो, तेव्हा तो उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवायला हवा. मूठ दाबली तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. संक्रांतीपर्यंत खत तयार होईल, ते ज्याच्या त्याच्या तुळशीला. आणि चौथी गोष्ट, डब्यांपाशी रोज दोन सभासद उभे राहतील. पहिल्या दिवशी अध्यक्षांनी उभे राहावे आणि आम्ही चौघांनी. पौरकार्मिकांच्या हाती फक्त बांधलेला सुका गठ्ठा जाईल. सुया घरी झाकणाच्या जाड बाटलीत, लाल खूण करून, हातात वेगळ्या द्यायच्या. ही शेवटची सूचना नाही, विनंती आहे.

आपण इथे दोन भाषांत वाढलो. कन्नडमध्ये 'कस' म्हणजे कचरा. मराठीत 'कस' म्हणजे जमिनीतले सत्त्व. आपल्या आज्या परसातल्या तिप्पीवर शेण, पाला, खरकटे टाकत आणि तेच पुढे दोडक्याच्या वेलाला घालत. त्यांनी कन्नड कसाचा मराठी कस रोज केला. आपल्यालाही करता येईल, फक्त कोपऱ्यापर्यंत न जाता परसापर्यंत जायला हवे.

गणपती बाप्पा मोरया!