वाणीची जयणा
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आज आपण गौरव करीत आहोत. अशा मंगलप्रसंगी शिवीसारख्या अमंगल विषयावर बोलण्याची अनुमती मागतो. कारण हा विषय आपल्या घरातला आणि पेढीवरचा आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा ग्रामसभेने आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड करण्याचा ठराव संमत केला. ते वृत्त वाचून मला आपला बुलढाणा जिल्हा आठवला. ज्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा ही राजमाता जिजाऊंची जन्मभूमी, तेथील बाजारात दिवसातून किती वेळा कुणाच्या तरी आईचा उद्धार होतो! भांडणाशी जिचा काडीचाही संबंध नाही, तिचीच विटंबना प्रथम होते.

"शिवी तोंडात बसलेली असते, मनात काही नसते," असे समर्थन आपण नेहमी ऐकतो. शास्त्राला ते मान्य नाही. पाच समितींमध्ये भाषासमिती आणि तीन गुप्तींमध्ये वचनगुप्ती सांगितली आहे. दशवैकालिक सूत्राचे सातवे अध्ययन वाक्यशुद्धीलाच वाहिलेले आहे. काण्याला काणा आणि चोरालाही चोर म्हणू नये, असे तेथे साधूंना सांगितले आहे. सत्य असूनही जे बोचते ते वर्ज्य, मग असत्य असून बोचणाऱ्या शिवीला स्थान कोठे? सामायिकाच्या बत्तीस दोषांत वचनाचे दहा दोष आहेत; त्यांतील पहिला दोष कुवचन हाच. अठ्ठेचाळीस मिनिटे आपण तो टाळतो. मुहपत्ती सोडून दुकानाची पायरी चढलो की मात्र जीभ मोकळी होते.

माझाच दोष सांगतो. आमच्या अडत दुकानात एक वृद्ध हमाल होते. घाईच्या दिवसांत मी त्यांना एका विशिष्ट शिवीनेच हाक मारीत असे. एके दिवशी माझा चार वर्षांचा नातू दुकानात आला आणि त्याच शब्दाने त्यांना प्रेमाने हाका मारू लागला. ते त्यांचे नावच आहे, अशी त्याची समजूत झाली होती. हमालबाबा हसले आणि त्यांनी त्याला उचलून घेतले. मला मात्र मान वर करता आली नाही.

त्या रात्री मी स्वतःला विचारले, ही शिवी मी बँकेच्या व्यवस्थापकांना कधी दिली काय? तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांसमोर ती कधी चुकून निसटली काय? कधीच नाही. म्हणजे जीभ माझ्या ताब्यात होती. जो उलट बोलू शकत नाही, त्याच्यापुढेच मी ती सैल सोडीत होतो. मी ज्याला सवय म्हणत होतो, तो माझ्या कषायांतील मान होता. पाणी गाळून पिणाऱ्या आणि मुंगीला जपणाऱ्या घरात माणसाला जपायचे राहून गेले होते.

संवत्सरीला आपण खमतखामणा करतो. सुंदर पत्रिका छापून नातलगांना आणि व्यापारी मित्रांना पाठवतो. ज्यांना वर्षभर आपले शब्द लागले, ते हमाल, मापारी, मोलकरणी, दुकानातील मुले यांची नावे त्या यादीत असतात काय? पुढच्या संवत्सरीला मी हमालबाबांसमोर हात जोडले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "शेठजी, आता नावानं हाक मारत जा, बस." त्यांचे नाव मला दिवाणजींना विचारावे लागले.

सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील शब्दांना भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार शिक्षा आहे, गावाचा दंडही असू शकतो. दंडाच्या भयाने मौन साधेल. जयणा मात्र आतूनच यावी लागते. म्हणून या सुवर्ण महोत्सवी वर्षात प्रत्येक पेढीने एवढाच नियम घ्यावा, की आपल्याकडे राबणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नावानेच हाक मारू आणि पहिला खमतखामणा त्याच्याशीच करू.

माझ्या बोलण्याने कुणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!